शापेलचा बापू

मंजुषा भाऊबीजेला म्हणून अमेरिकेतल्याच अल्फारेटाहून फ्रिस्कोला भावाकडे आली, गुरुवारी दुपारी विमानातून उतरली, आणि शनिवार उजाडला तरी तिनं भावाला ओवाळलं नव्हतं. ताट तयार होतं. वहिनीनं, मीनाक्षीनं, ते दोनदा बाहेर काढलं आणि दोनदा गुपचूप आत ठेवलं. आईला, मालिनीबाईंना, सांगितलं गेलं, की ताईंचं डोकं दुखतंय. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला दोन दिवस टिकणारी ही डोकेदुखी कितपत पटली असेल कोण जाणे. लेकीनं आणलेली चकली मात्र त्यांनी न चुकता दोन्ही वेळा खाल्ली.

रवींद्रला वाटत होतं, बहिणीनं एकदाची तोंडभरून शिव्या द्याव्यात आणि मोकळं करावं. ऑफिसात अठ्ठावीस माणसांच्या टीमला हा माणूस शिस्त लावायचा. घरात मात्र तीन दिवसांपासून भिंतीला धरून चालत होता. स्वयंपाकघरात कुणी बोलायला लागलं की हा लॉन बघायला बाहेर जायचा. ऑक्टोबर संपत आलेला, त्या लॉनमध्ये बघण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

सगळं सुरू झालं बुधवारी, केयाच्या फोननं. ऑस्टिनला पीएच.डी. करणाऱ्या त्याच्या लेकीला युनिव्हर्सिटीच्या पत्त्यावर एक ईमेल आली होती. फ्रेंचमध्ये. ला शापेल-ओ-न्वा नावाच्या गावातून. गावच्या मेअरच्या कचेरीत ओदील नावाची सेक्रेटरी होती. तिनं लिहिलं होतं, की उमाळकर आडनावाच्या माणसांना ती चार महिने शोधते आहे. गावच्या स्मशानभूमीतल्या एका कबरीची तीस वर्षांची मुदत या महिन्यात संपली. ती वाढवायची, की अवशेष काढून घेऊन जायचे, हे कुटुंबानं ठरवायचं होतं. वाढवायची असेल तर कुटुंबातल्या कुणाचीही सही चालेल. न्यायचं असेल तर सगळ्यात जवळच्या नातेवाइकाची, म्हणजे आई हयात असेल तर आईची.

केयानं चार वर्षं शाळेत फ्रेंच घेतलं होतं, त्यामुळे अर्थ लागायला तिला वेळ लागला नाही. वेळ लागला तो विश्वास बसायला.

"बाबा, हे आपले विष्णूकाका आहेत? पण ते तर... आजी म्हणते त्यांची राख रामटेकला सोडली. सो हू इज इन दॅट ग्रेव्ह?"

विष्णू म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, घरातला बापू. तीस वर्षांत हा प्रश्न रवींद्रला कुणी विचारला नव्हता. त्याचं उत्तर तो गाडी रस्त्याच्या कडेला घेऊनच देऊ शकला. तेच मग बायकोला आणि बहिणीलाही सांगावं लागलं.

शनिवारी सकाळी आठ वाजता, ऑस्टिनहून आलेली केया धरून, स्वयंपाकघरात चौघं होती. मालिनीबाई त्यांच्या खोलीत होत्या. ओदीलशी व्हिडिओ कॉल दहा वाजता ठरला होता, तिकडचे संध्याकाळचे पाच. ती कचेरी एरवी फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळीच उघडी असते, पण या कामासाठी ती आज मुद्दाम उघडणार होती.

"मी सही करतो आणि विषय संपवतो," रवींद्र म्हणाला. "अजून तीस वर्षं वाढवून घेऊ. आईला कळायची काही गरज नाही."

"विषय संपवतो!" मंजुषानं हातातला कप ओट्यावर आपटला. "दादा, तो तीस वर्षं मातीत पडलाय. अग्नीसुद्धा मिळाला नाही त्याला. आणि आपण इकडे काय करत होतो? त्याला बाहेर काढायचा, अग्नी द्यायचा, जे तेव्हा राहिलं ते करायचं. आईची सही लागते ना? मग मागते मी आईकडे."

"ती सही करेल, पण त्याआधी तिला काय काय ऐकावं लागेल याचा विचार केलास? या वयात?"

"वयाचं निमित्त करू नकोस. तेव्हा ती चोपन्न वर्षांची होती, तेव्हा का नाही सांगितलंस?"

रवींद्रनं मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. मीनाक्षी आणि मंजुषा या दोघींचं एकोणतीस वर्षांत कधी एकमत झालं नव्हतं, अगदी चकलीच्या भाजणीत जिरं किती घालायचं यावरूनसुद्धा नाही. त्यामुळे या घरात वाद झाला की मीनाक्षी आपल्याच बाजूला असणार हे त्यानं गृहीतच धरलेलं असे.

"ताईंचं बरोबर आहे," मीनाक्षी म्हणाली.

मंजुषासुद्धा दचकली.

"आपलं लग्न शहाण्णवच्या मे महिन्यातलं," मीनाक्षी शांतपणे सांगू लागली. ती चिडली की तिचा आवाज बारीक होतो, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. "मी बापूभावजींना पाहिलंसुद्धा नाही. तरी दर वर्षी पितृपक्षात त्यांच्यासाठी भरली वांगी करते, कारण त्यांना आवडायची म्हणे. पान घेऊन बॅकयार्डात उभी राहते. इथं कावळा येईना, तेव्हा त्या काळ्या ग्रॅकल पक्ष्यालाच कावळा मानायचं हे तुम्ही ठरवलंत. आणि हे सगळं करताना तुम्ही माझ्या शेजारी उभे असायचात, रवी. तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही माझ्या शेजारी हात जोडून उभे असायचात."

"मी त्याच्यासाठीच हात जोडायचो. ते खोटं नव्हतं."

"असेल. पण मला का नाही सांगितलंत?"

खरं उत्तर एवढंच होतं, की पहिल्या वर्षी धीर झाला नाही, आणि पुढे दर वर्षी सांगणं एका वर्षानं जड होत गेलं.

"दहा वाजता कॉल आहे," मीनाक्षी म्हणाली. "आई त्या कॉलला बसतील. त्यांना आधी तुम्ही सांगायचं. ताईंनी नाही, मी नाही, तुम्ही. नाहीतर मी आत जाऊन सांगते."

"बाबा," केया हळूच म्हणाली, "आय थिंक आजी कॅन टेक इट. शी इज टफर दॅन यू."

बारा पावलांवरची आईची खोली. तिथपर्यंत जाताना रवींद्रला शापेल जसंच्या तसं आठवलं. एकशे चाळीस माणसांचं गाव. मधे ओढा, ओढ्याच्या वर वरची वाडी, खाली खालची वाडी, आणि चहूकडे अक्रोडाची झाडं. दुकान नाही. आठवड्यातून तीनदा पावाची गाडी यायची आणि चर्चपुढे तीनदा हॉर्न वाजवायची, की सगळ्या दारांतून बायका एकदम बाहेर. बापू फ्रान्सला पाण्याचा अभ्यास करायला गेला होता. गावच्या झऱ्याची मोजमापं घ्यायला म्हणून तो तिथं दोन उन्हाळे राहिला आणि तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात, ओल्या पानांवरून त्याची मोपेड घसरली. सत्तावीस वर्षांचा होता.

मालिनीबाई पलंगावर बसून ड्रायरमधून काढलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत होत्या. इथं आल्यापासून हे काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं आणि दुसऱ्या कुणी केलेलं त्यांना चालत नसे.

"ये," त्या म्हणाल्या. "तुझ्या बहिणीचं डोकं राहिलं का दुखायचं?"

"आई, मला तुला एक सांगायचंय. बापूबद्दल."

त्यांचे हात थांबले. धाकट्या मुलाचं नाव विष्णू, सासऱ्यांचं नाव. सासऱ्यांचं नाव सुनेनं घ्यायचं नाही म्हणून त्यांनी त्याला जन्मभर बापूच म्हटलं. तो गेल्यापासून तर तेही क्वचित.

रवींद्र खुर्चीवर बसला, आणि मग खुर्चीवर बसून सांगणं बरं दिसेना म्हणून खाली गालिच्यावर बसला. त्यानं सांगितलं. तेव्हा पासपोर्ट नव्हता. तो आणि व्हिसा मिळवून शापेलला पोचेपर्यंत चौदावा दिवस उजाडला. तिकडचा कायदा असा, की सहा दिवसांच्या आत पुरायचं. गावानं नागपूरला तार केली होती, ती कुठे गेली देव जाणे. जाळण्याची सोय दोनशे किलोमीटरवर, आणि आम्ही लोक जाळतो हे त्या गावात कुणाला ठाऊकही नव्हतं. त्यांनी आपल्या माणसाला जसं पुरलं असतं तसंच त्याला पुरलं. परत काढायचा म्हटलं तर मोठ्या शहरातून परवानगी, आणि रवींद्रचं परतीचं तिकीट पाच दिवसांनी.

"मग रामटेकला आम्ही काय सोडलं?" मालिनीबाईंनी विचारलं.

"राख."

"कशाची?"

रवींद्रला वाटलं, आता हे तोंडातून बाहेरच पडणार नाही. "त्या गावात सगळ्यांची मिळून एक भट्टी आहे, दगडी. महिन्यातून एकदा पेटवतात, सगळं गाव त्यात पाव भाजतं. मी होतो तेव्हा पेटली होती. दुसऱ्या दिवशी त्यातली राख घेतली मी. अक्रोडाच्या लाकडाची. तेलाच्या एका रिकाम्या डब्यात भरून आणली."

"तरीच," मालिनीबाई म्हणाल्या. "गुरुजी विचारत होते, अस्थी कशा नाहीत म्हणून. तू म्हणालास, तिकडे मशीन असतं, त्यात सगळ्याची राखच होते."

"हो."

"ह्यांना ठाऊक होतं?"

"नाही. बाबांना नाही. कुणालाच नाही."

रामटेकच्या अंबाळा तलावाच्या पायरीवर वाकून तो कलश रिकामा करणारे वडील त्याला दिसत होते. पुढे तीन वर्षांनी ते गेले. त्यांना सांगायचं राहून गेलं याचं रवींद्रला आजवर वाईट वाटत आलं होतं, आणि सांगितलं नाही याचं बरंही.

"पण का रे? तू असं का केलंस?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, निव्वळ प्रश्न होता, आणि त्यानंच त्याला जास्त लागलं.

"तू फोनवर तीनच शब्द बोलली होतीस आई. मी निघताना. 'त्याला घेऊन ये' म्हणालीस. मी रिकाम्या हातानं कसा येणार होतो?"

मालिनीबाईंनी हातातला मोजा खाली ठेवला.

"मी असं म्हटलं होतं?"

"हो."

"मला आठवत नाही," त्या म्हणाल्या. "त्या दिवसांतलं मला काहीच आठवत नाही रे. बोलले असेन काहीतरी. आईला त्या वेळी काय सुचतं? आणि तू ते धरून बसलास? तीस वर्षं?"

रवींद्रला रडू आलं. ते यायला नको होतं, कारण रडण्याचा हक्क आज त्याचा नव्हता. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. उरलेल्या मोज्यांच्या जोड्या लावल्या, एक मोजा एकटा उरला तो बाजूला ठेवला.

"केयाला पाठव," त्या उठत म्हणाल्या. "लुगडं बदलायचंय मला. आणि तू माझ्याशी सध्या बोलू नकोस."

दहा वाजायला पाच मिनिटं असताना मालिनीबाई दिवाणखान्यात आल्या त्या जांभळी इरकल नेसून. सगळ्यांना ओलांडून त्या केयाशेजारी बसल्या. मंजुषानं "आई" म्हणून हात धरला, तो त्यांनी हळूच सोडवून घेतला. रवींद्र सोफ्याच्या टोकाला, स्क्रीनमध्ये अर्धाच येईल असा. मीनाक्षीनं त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि मग, काय वाटलं तिला, ती त्याच्या शेजारीच बसली.

ओदील दिसली. पन्नाशीच्या आतबाहेरची, आखूड पांढरे केस, गळ्यात लोकरीचा मफलर. तिच्यामागे गावच्या कचेरीची भिंत आणि भिंतीवर घड्याळ. तिनं सगळ्यांना नमस्कार केला, हात जोडून. हे तिला विष्णूनं शिकवलं होतं, असं केयानं भाषांतर करून सांगितलं. तेवढ्यात कुठेतरी घंटेचे टोल पडायला लागले. पाच. ओदीलनं बोट वर केलं.

"थांबा म्हणते," केया म्हणाली. "दोन मिनिटांनी परत वाजेल. ज्यांनी पहिल्यांदा नीट मोजले नसतील त्यांच्यासाठी. आजी, सीरियसली, तिथं प्रत्येक तास दोनदा वाजतो."

"शहाणं गाव आहे," मालिनीबाई म्हणाल्या.

घंटा दुसऱ्यांदा वाजली तेव्हा ओदील फोन हातात धरून बाहेर पडली होती आणि चालता चालता सगळं दाखवत होती. ही शाळा, बंद झाली, मुलंच नाहीत. इथं वरच्या मजल्यावर विष्णू राहायचा. हा ओढा. हे वरच्या वाडीचं कपडे धुण्याचं टाकं, हे खालच्या वाडीचं. एकाच झऱ्याचं पाणी, पण टाकी दोन, कारण दोन्ही वाड्यांचं चाळीस वर्षं पाण्यावरून वैर. चर्चमध्येही वरचे डाव्या बाकांवर, खालचे उजव्या. विष्णू रोज तीनदा काठी घेऊन झऱ्याचं पाणी मोजायचा आणि आकडे शाळेच्या दारावर लावायचा. दोन उन्हाळ्यांनी सिद्ध झालं, की पाणी दोघांना पुरून उरेल एवढं आहे, फक्त मधल्या जुन्या दगडी पाटाला गळती आहे. तो पाट कुणाच्याच हद्दीत नव्हता, म्हणून कुणी बघितलाच नव्हता.

"ती म्हणते, काकांनी गावाचं भांडण मिटवलं," केया हसत म्हणाली. "आणि त्याबद्दल लोकांनी त्यांना अजून माफ केलं नाहीये. आता भांडायला नवे विषय शोधावे लागतात."

रवींद्रला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तेव्हा त्या गावात तो पाच दिवस होता. कुणी जेवायला वाढलं, कुणी खांद्यावर हात ठेवला, भाषा येईना. भावानं तिथं काय केलं हे त्यानं विचारलंच नाही. राख मिळवायच्या विवंचनेत सारे दिवस गेले.

लोखंडी फाटक उघडून ओदील आत गेली. सगळ्या कबरी करड्या, काहींवर शेवाळ. टोकाला भिंतीशी एक होती, स्वच्छ धुतलेली, तिच्यावर लाल-पिवळ्या डेलियांची एवढी गर्दी, की दगडावरचं नाव दिसायला ओदीलला ती हातानं बाजूला करावी लागली. विष्णू उमाळकर. खाली दोन तारखा.

मंजुषानं तोंडावर पदर धरला.

"समसंख्येच्या वर्षी वरची वाडी याची काळजी घेते, विषम वर्षी खालची," केया सांगत होती. "यंदा खालच्या वाडीचा नंबर. वरचे म्हणतात डेलिया फार भडक आहेत. पुढच्या वर्षी ते शेवंती लावणार."

"तिला विचार," मालिनीबाई म्हणाल्या, "त्याच्या अंगावर काय होतं?"

केयानं विचारलं. ओदील कबरीच्या कडेला बसली. तिच्या आईनं त्याला निळा स्वेटर विणला होता. त्याला थंडी फार वाजायची. तोच घातला.

"रात्री एकट्याला ठेवलं नाही ना?"

नाही. दवाखान्यातून आणल्यावर शाळेच्या वर्गात ठेवला होता, दोन रात्री. माणसं पाळीपाळीनं बसली. प्रत्येक पाळीला एक वरचा, एक खालचा. कारण दुसऱ्या वाडीचा माणूस झोपणार नाही याची दोघांनाही खात्री नव्हती.

मालिनीबाईंच्या तोंडावर हसू आलं आणि त्याच्या मागोमाग डोळ्यांत पाणी. "कोण रडलं त्याच्यासाठी?"

"आजी, मी हे विचारू?"

"विचार गं."

ओदीलनं दगडावरचं एक गळलेलं पान उचललं. मग म्हणाली, माझी आई. पाववाला. जुने मेअर, ते कुणाहीसाठी रडायचे नाहीत. आणि मी. मी एकोणीस वर्षांची होते.

मालिनीबाई स्क्रीनवरच्या त्या चेहऱ्याकडे नीट निरखून बघू लागल्या. बघता बघता त्यांनी मान हलवली, एखादी गोष्ट पोचली असं सांगायला हलवतात तशी. ओदीलनंही हलवली. मधे भाषांतर लागलं नाही.

मंजुषा आता पुढे सरकली. तिच्या मनातली गोष्ट तिला बोलायचीच होती, डेलिया बघून आवाज थोडा मऊ झाला होता इतकंच. "केया, विचार तिला. त्याला तिथून काढायचं म्हटलं तर?"

ओदीलनं काहीही न लपवता सांगितलं. करता येईल. कबर खोदणारा माणूस शेजारच्या गावातून येतो. तीस वर्षांनंतर जे उरलं असेल ते एका छोट्या पेटीत ठेवतात. पेटी जाळायला नेता येईल किंवा अमेरिकेला. पंचायतीनं आधीच ठराव केला आहे, उमाळकर कुटुंब सांगेल ते मान्य. या पंचायतीत कोणत्याही ठरावावर एकमत होत नाही, यावर झालं. फक्त कोणत्या दिवशी ते आधी कळवा. दोन्ही वाड्या येतील निरोप द्यायला.

"छोट्या पेटीत," मंजुषा स्वतःशीच म्हणाली, आणि मागे सरकून बसली. मग म्हणाली, "आई, तू सांग. मला आता काही कळत नाही."

सगळे मालिनीबाईंकडे बघू लागले. रवींद्र जमिनीकडे. आई "काढा" म्हणाली तर तो स्वतः जाणार होता. त्या खड्ड्याशी उभा राहणार होता. तिनं तोंडावर सांगितलं असतं, की तू मला परका झालास, तरी तो जाणार होता.

"ती जागा," मालिनीबाईंनी विचारलं, "एकाच माणसाची आहे का?"

केयाला प्रश्न कळला नाही, तिनं पुन्हा विचारून घेतला आणि मग ओदीलला विचारला. ओदीलनं मागे वळून कबरीकडे पाहिलं. नाही, दोघांची आहे. त्या वेळच्या मेअरनीच दोघांची घ्यायला लावली. म्हणाले, पोरगा एकटा आहे, त्याचं कुणी पुढेमागे येईल.

"मग दुसरी माझी," मालिनीबाई म्हणाल्या.

"आई!" मंजुषा जवळजवळ ओरडली. "काय बोलून राहिलीस? तुला पुरायचं?"

"पुरायचं कशाला? इथंच जाळा मला, फ्रिस्कोत. मुलगा काय, मुलगी काय, कुणीही अग्नी द्या. नंतर तिकडे नेऊन ठेवा मला त्याच्याजवळ. तो येऊ शकला नाही, तर मी जाते. आईनं जायला काय हरकत आहे?"

मीनाक्षीनं रवींद्रचा हात धरला होता, तो तिनं आणखी घट्ट धरला. केया तिकडे भाषांतर करायचं विसरून आजीकडेच बघत बसली.

मालिनीबाईंनी मान वळवली, आणि त्या सकाळी गालिच्यावर बसलेल्या मुलाला सोडून आल्यापासून पहिल्यांदाच त्याला हाक मारली.

"रवी. तू नेशील मला. दुसऱ्या कुणी न्यायचं नाही. पण या वेळेस खरी राख ने हो, बाबा."

रवींद्र उठला, दोन पावलं चालला, आणि त्रेसष्टाव्या वर्षी, लेकीच्या, बायकोच्या, बहिणीच्या आणि एका परक्या गावाच्या देखत आईच्या मांडीत डोकं घालून हमसून हमसून रडला. मालिनीबाईंनी आता त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

तिकडे ओदीलला एक शब्दही कळला नव्हता. पण तिनं हातातला फोन हळूच वळवला, आणि स्क्रीनवर फक्त भिंतीपलीकडचा डोंगर आणि अक्रोडाची झाडं दिसत राहिली.